तिरकस गुणाकाराची घाई नको

अपूर्णांकांचा लहान-मोठेपणा शिकवताना लगेच तिरकस गुणाकारावर (एकाचा अंश गुणिले दुसऱ्याचा छेद, आणि उलट) उडी मारू नका. मुलं गुणाकार अचूक करतात आणि तरी १/५ हा १/४ पेक्षा मोठा म्हणतात, कारण ५ मोठे! माझ्या वर्गात कित्येक वर्षं हेच व्हायचं.

२० सेंमीच्या दोन कागदी पट्ट्या द्या. एकीचे चार भाग, दुसरीचे पाच. कापायचं मुलांनीच. ५ सेंमीचा तुकडा ४ सेंमीच्या तुकड्याशेजारी ठेवला की बोलावं लागत नाही. पट्ट्या मात्र सारख्याच लांबीच्या हव्यात, नाहीतर सगळं मुसळ केरात.

मग अर्ध्याशी ताडून बघायला लावा. ३/७ की ५/९? सातचे निम्मे साडेतीन, ३ त्याहून कमी. नऊचे निम्मे साडेचार, ५ त्याहून जास्त. म्हणजे ५/९ मोठा. ७/८ आणि ८/९ मध्ये एक पूर्ण व्हायला किती उरलं ते विचारा: १/८ आणि १/९. जिथे उरलेला तुकडा लहान, तो अपूर्णांक मोठा. (हे मुलांना फार आवडतं.)

५/८ आणि ७/११ सारखी जोडी आली की या युक्त्या थकतात. तेव्हा समच्छेद करा, म्हणजे दोन्हींचे छेद सारखे करा: ५५/८८ आणि ५६/८८.