कॅप्टनच्या ओठांवरचा आवाज कुणाचा?

प्रश्न : ताई, १९८७ च्या मे महिन्यात आमच्या कॉलनीतल्या सहा घरांनी वर्गणी काढून एका रात्रीपुरता व्हीसीआर भाड्यानं आणला होता. दोन हिंदी चित्रपट झाले आणि तिसरी कॅसेट लागली ‘द साउंड ऑफ म्युझिक’ची : कडक शिस्तीचा कॅप्टन, त्याची सात मुलं आणि त्यांना सांभाळायला मठातून आलेली, गाणारी मारिया. इंग्रजी आम्हा पोरांना धड कळत नव्हतं, तरी पहाटे तीनला एकही पोर झोपलं नव्हतं. परवा तोच चित्रपट लेकीबरोबर पाहिला. तिनं विचारलं, “आई, ही सात मुलं पुढं काय झाली गं?” मला एकाचंही सांगता आलं नाही. आणि धाकटा भाऊ म्हणतो की, कॅप्टनचा गाण्यातला आवाज त्याचा नव्हेच. खरं आहे का?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : आधी भावाचं. त्याचं बरोबर आहे. ‘एडलवाइस’ हे गाणं गाताना ओठ हलतात ते कॅप्टन झालेल्या क्रिस्टोफर प्लमर यांचे, पण आवाज आहे बिल ली या गायकाचा. प्लमर यांनी गाणी स्वतः म्हटलीही होती, पण चित्रपटात ली यांचा गळा वापरला गेला. आणि त्यांचं नाव श्रेयनामावलीत नाही. कोट्यवधी लोकांनी ज्या गळ्यातून ते गाणं ऐकलं, त्याचं नाव पडद्यावर एकदाही येत नाही, हे मला आजही लागतं. मी गाणं शिकवते म्हणून जरा जास्तच लागत असेल.

आपल्याकडे हे सुरुवातीपासून बरं होतं असं समजू नका. ‘महल’ १९४९ चा. ‘आएगा आनेवाला’च्या पहिल्या तबकडीवर गायिका म्हणून नाव होतं ‘कामिनी’, म्हणजे चित्रपटातल्या पात्राचं. गाणारी मुलगी होती लता मंगेशकर. मास्टर दीनानाथांचं बिऱ्हाड सांगलीत होतं, लताबाईंचं बालपण इथं गेलं, आशाताईंचा तर जन्मच सांगलीचा. आपल्या गावात वाढलेल्या त्या आवाजाला लोकांनी नाव विचारलं, रेडिओकडे विचारणा झाली, तेव्हा कुठं ते जाहीर झालं. पुढे फिल्मफेअरनं पार्श्वगायनाचं पारितोषिक सुरू केलं ते १९५९ मध्ये, आणि पहिलं मिळालं लताबाईंनाच, ‘मधुमती’तल्या ‘आजा रे परदेसी’साठी. त्याआधी पारितोषिक होतं ते फक्त संगीतकाराला, गाणाऱ्याला नव्हे. हॉलिवूडमध्ये मात्र हे झाकणं बराच काळ चाललं.

आता लेकीला एक गंमत दाखवा. मठातल्या जोगिणी ‘मारियाचं करायचं तरी काय’ असं गातात ना, त्यांत सिस्टर सोफिया झालेली बाई नीट बघा. त्या मार्नी निक्सन. ‘द किंग अँड आय’मध्ये डेबोरा कर, ‘वेस्ट साइड स्टोरी’त नताली वूड आणि ‘माय फेअर लेडी’त ऑड्री हेपबर्न यांच्यासाठी त्या गायल्या, सगळं पडद्यामागं राहून. या चित्रपटात त्या स्वतःच्या चेहऱ्यासकट उभ्या आहेत. आणि योग असा की, ‘माय फेअर लेडी’ची तीच भूमिका रंगमंचावर आपल्या मारियानं, म्हणजे ज्युली अँड्र्यूज यांनी गाजवली होती, चित्रपटासाठी मात्र त्यांना डावलून हेपबर्नना घेतलं गेलं होतं. म्हणजे ज्यांची भूमिका गेली त्या आणि त्या भूमिकेला ज्यांनी आवाज दिला त्या, दोघी इथं एकाच सेटवर. ज्युलींनीच पुढे होऊन हात मिळवला आणि आपण तुमच्या चाहत्या आहोत असं सांगितलं, ही आठवण मार्नींनी पुढे सांगितली आहे. मला ज्युली मोठ्या वाटतात त्या त्यांच्या चार सप्तकांच्या आवाजाइतक्याच या हात मिळवण्यामुळे.

मुलांकडे येते. पण मी हा चित्रपट पाहिला ते आधी सांगू द्या, कारण तुमच्या पत्रानं ते सगळं वर आलं. मिरजेत आमच्या घराजवळ परिचारिकांचं वसतिगृह होतं. आवारात दोन बांबूंना पांढरी चादर ताणून सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर लावायचे. मी नऊ वर्षांची. प्रोजेक्टर चालवणाऱ्याच्या हातून रीळ मागंपुढं झालं आणि मारियाच्या लग्नाआधीच आम्ही ते सगळे डोंगर चढून पळून जाताना पाहिले. लग्न शेवटी. पुढे अनेक वर्षं माझ्या डोक्यात गोष्टीचा क्रम तोच होता. दुसऱ्या दिवशी आत्यानं पेटी काढली. ती मिरजेत शास्त्रीय गाणं शिकलेली, तंबोरे बनवणाऱ्यांच्या गल्लीत राहणारी. मी ‘डो-रे-मी’ गुणगुणत होते, तर म्हणाली, “अगं, हे आपले अलंकारच की!” म्हणजे रियाजाचे स्वरांचे पलटे. आणि खरंच वाजवून दाखवलं. पहिली ओळ : सा रे ग सा ग सा ग. दुसरी : रे ग म म ग रे म. तिसरी ग वरून, चौथी म वरून. पाचवी प वरून उठते आणि लगेच खाली येऊन सा पासून चढत जाते. सहाव्या ओळीला आत्या थबकली. ध रे ग करत वर जाताना शुद्ध मध्यम लागेना. पेटीवर काळी पट्टी दाबली तेव्हा ओळ जुळली. तीव्र मध्यम! बिलावलमध्ये, म्हणजे सगळ्या शुद्ध स्वरांत चाललेलं पोरांचं गाणं एका ओळीत तीव्र मध्यमाला शिवून येतं, हे तिला इतकं आवडलं की तिनं ते माझ्याकडून दहा वेळा म्हणवून घेतलं. पुढची सातवी ओळ आणखी एक काळी पट्टी मागते, ती तुम्ही लेकीबरोबर शोधा.

तर ती सात मुलं. लीझल झालेल्या शार्मियन कार ‘सोळा सरून सतरावं’ गात होत्या तेव्हा प्रत्यक्षात एकवीस वर्षांच्या होत्या. बागेतल्या काचेच्या मंडपात नाचताना त्यांचा पाय घसरून काच फुटली, घोटा दुखावला, तरी पट्टी बांधून त्यांनी नाच पुरा केला. नंतर एक दूरचित्रवाणी संगीतिका केली आणि अभिनय सोडला. घरांच्या अंतर्गत सजावटीचा व्यवसाय केला, त्यांच्या ग्राहकांत मायकल जॅक्सन होते. २०१६ मध्ये त्या गेल्या. मार्नी निक्सनही त्याच वर्षी गेल्या.

फ्रीडरिश म्हणजे निकोलस हॅमंड. चित्रीकरण चालू असतानाच तो इतका भराभर उंच झाला की सगळ्यांची तारांबळ उडाली. सत्तरच्या दशकात दूरचित्रवाणीवर स्पायडरमॅन झाला तो हाच. पुढे ऑस्ट्रेलियात स्थायिक झाला आणि अभिनय करत राहिला. क्वेंटिन टॅरँटिनोंच्या २०१९ च्या चित्रपटातही तो आहे. लुइझाचं काम करणाऱ्या हेदर मेंझीस यांनी ‘लोगन्स रन’ ही मालिका केली. पती कर्करोगानं गेल्यावर त्यांच्या नावानं त्या आजाराविरुद्ध काम करणारा न्यास चालवला. २०१७ च्या डिसेंबरात त्याही गेल्या. ब्रिगिटा, म्हणजे पुस्तक वाचत चालणारी ती मुलगी, अँजेला कार्टराइट. तिला आपल्याकडच्या पुष्कळांनी ‘लॉस्ट इन स्पेस’मध्येही पाहिलं असेल. पुढे ती छायाचित्रकार झाली. मार्टा झालेल्या डेबी टर्नर यांनी फुलांच्या सजावटीचा व्यवसाय उभा केला.

माझ्या मनात राहतो तो कुर्ट. ड्युएन चेस यांनी सिनेमा सोडला, भूगर्भशास्त्र शिकले आणि भूगर्भशास्त्रज्ञांसाठी संगणकप्रणाली लिहिण्याचं काम केलं. लोक म्हणतात, “अरेरे, वाया गेला.” मला तसं अजिबात वाटत नाही. माझ्याकडे शिकलेली मुलं आज बँकेत आहेत, हळदीच्या पेठेत आडत्याच्या गादीवर आहेत, एक मुलगी पशुवैद्य आहे. सूर त्यांच्या कानात आहे. मंचावर उभं राहिलं तरच शिकवणं फळलं असं मी मानलेलं नाही.

धाकटी ग्रेटल, किम कॅरथ. होडी उलटते तो प्रसंग लेकीला पुन्हा दाखवा. पाच वर्षांच्या किमला पोहता येत नव्हतं. ज्युलींनी तिला पकडायचं ठरलं होतं, पण होडी हलली आणि त्या भलत्याच बाजूला पडल्या. पोर पाण्यात गेली, दुसऱ्यांनी तिला बाहेर काढलं. कृष्णेकाठी वाढलेल्या माणसाला हे सांगायला नको की पाण्यात दोन क्षण किती मोठे असतात. मोठी झाल्यावर किमनं विशेष गरजा असलेल्या तरुणांसाठी एक संस्था उभी करण्यात भाग घेतला. तिचा स्वतःचा मुलगा तशा गरजा असलेला आहे.

आणि कॅप्टन? प्लमर यांना हा चित्रपट बरीच वर्षं फार गोड वाटायचा, नंतर त्यांचं मन निवळलं. ‘द मॅन हू वुड बी किंग’मध्ये ते लेखक किपलिंग झाले. अभिनयाचं ऑस्कर त्यांना मिळालं ते वयाच्या ८२ व्या वर्षी, ‘बिगिनर्स’साठी. २०२१ मध्ये ९१ व्या वर्षी गेले.

प्रश्न : गुलजार यांचा ‘परिचय’ ही याच चित्रपटाची नक्कल ना? आणि मूळ गोष्ट खरी घडलेली आहे म्हणतात, ती किती खरी?
— शनिवार पेठ, सातारा

उत्तर : नक्कल हा शब्द मी वापरणार नाही. ‘परिचय’ (१९७२) राजकुमार मैत्र यांच्या बंगाली कादंबरीवर आहे. कडक शिस्तीचं घर, कुणाचं न ऐकणारी मुलं आणि गाण्यातून त्यांना जवळ घेणारा शिक्षक हे साम्य उघड आहे, ‘सारे के सारे’ ऐकलं की ‘डो-रे-मी’ आठवणारच. पण ‘बीती ना बिताई रैना’ कुठून आणाल? आजारी बाप आणि लेक रात्री गात बसतात, ते दुःख पूर्ण आपलं आहे. त्या गाण्यासाठी लताबाईंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यातला छोटा मास्टर राजू आठवतो? पुढे ‘चितचोर’साठी त्याला सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

गोष्ट खरी आहे, तपशील बदललेले आहेत. गेओर्ग, म्हणजे खरे कॅप्टन, आणि मारिया यांचं लग्न १९२७ मध्येच झालं होतं, ऑस्ट्रियात नाझी येण्याच्या अकरा वर्षं आधी. मोठं अपत्य मुलगी नव्हती, रुपर्ट नावाचा मुलगा होता आणि तो पुढे डॉक्टर झाला. मारियाला आणखी तीन मुलं झाली, म्हणजे एकूण दहा. ते डोंगर चढून गेले नाहीत, सरळ आगगाडीनं इटलीला गेले. तो डोंगर ओलांडला असता तर जर्मनीतच उतरले असते. गाणं बसवण्याचं मोठं काम फ्रान्झ वासनर या धर्मगुरूंनी केलं, चित्रपटात ते नाहीतच. कुटुंब अमेरिकेत व्हर्माँटमधल्या स्टो गावी स्थिरावलं. ज्युली बॅग आणि गिटार घेऊन गात निघतात त्या गाण्यात मागून क्षणभर एक बाई जाताना दिसते. त्या खऱ्या मारिया.

प्रश्न : मी अकरावीत आहे, गाणं शिकते. ‘द साउंड ऑफ म्युझिक’च्या नायिकेचा आवाज शस्त्रक्रियेत गेला असं वाचलं. तेव्हापासून रियाजाला बसलं की भीती वाटते.
— तासगाव

उत्तर : बाळ, हो. १९९७ मध्ये स्वरतंतूंवर शस्त्रक्रिया झाली आणि ज्युली अँड्र्यूज यांचा गाण्याचा आवाज परत आला नाही. वय ६१. बारा वर्षांच्या असताना लंडनच्या रंगमंचावर वरच्या पट्टीत गाऊन ज्यांनी लोकांना थक्क केलं, त्यांच्यावर हे यावं याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण त्या थांबल्या नाहीत. लेकीबरोबर मुलांसाठी पुस्तकं लिहिली, ‘द प्रिन्सेस डायरीज’मध्ये राणी झाल्या, आणि २००४ च्या त्याच्या दुसऱ्या भागात, उरलेल्या मोजक्या स्वरांत, थोडं गायल्यासुद्धा. आता ‘ब्रिजर्टन’ मालिकेत गोष्ट सांगणारा आवाज त्यांचाच आहे. ते २००४ चं गाणं ऐक. स्वर थोडेच आहेत, पण एकही बेसूर नाही.

तुझ्यासाठी सांगते. भीतीनं गळा आवळला जातो, म्हणून रियाज आधी खर्जापासून, म्हणजे खालच्या स्वरांपासून, सावकाश कर. गाताना दुखलं तर तिथंच थांब, पुढचा सूर ओढू नकोस. सर्दी-खोकल्यात रियाज बंद, आणि कुजबुजून बोलणंही बंद, त्यानं गळ्यावर ताण येतो. परीक्षेच्या दिवसांत मैदानावर ओरडू नकोस. पाणी पीत राहा. आवाज बसलाय आणि दोन आठवडे झाले तरी मोकळा होत नाही, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा आणि स्वरतंतू तपासून घे. गुरूंना आधी सांग, लपवू नकोस. पट्टी वरची हवी म्हणून हट्ट करू नकोस. माझ्या आत्याची पट्टी पेटीवरची काळी चार होती, पन्नाशीनंतर तिनं खालची पांढरी दोन धरली आणि त्याच पट्टीत शेवटपर्यंत गायली.