त्याला का मारला?

प्रश्न : जुन्या अमेरिकी भयपटांवर लिहिताना तुम्ही समीक्षक मंडळी प्रत्येक भुतामागे अमेरिकेचं राजकारण उभं करता. दिग्दर्शकाच्या मनात ते खरंच असतं, की तुम्ही नंतर चिकटवता? – एक वाचक, सातारा

उत्तर : टोमणा रास्त आहे. हा उद्योग मीही भरपूर केलाय. पण दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'चंच बघा.

पिट्सबर्गमध्ये जाहिरातपट करणाऱ्या पोरांनी सव्वा लाख डॉलरही न खर्चता हा कृष्णधवल चित्रपट उरकला. नुकतीच मेलेली माणसं उठून जिवंतांना खायला लागतात आणि सात जण एका शेतघरात अडकतात. त्यांत डोकं ठिकाणावर असलेला माणूस म्हणजे बेन. ही भूमिका ड्वेन जोन्स या कृष्णवर्णीय नटाने केली. रोमेरो कायम सांगायचा, चाचणीत तोच सरस ठरला म्हणून घेतला, रंग बघून नाही. मुळात बेन म्हणजे एक रांगडा ट्रकचालक होता. शिकल्यासवरल्या जोन्सने त्याची भाषा बदलून घेतली. इथवर तुमचं म्हणणं बरोबर.

आता शेवट बघा. रात्रभर झुंजून बेन एकटा वाचतो. सकाळी माणसांची चाहूल लागते म्हणून तळघरातून वर येतो, आणि शेरीफची बंदूकधारी टोळी त्यालाच मुडदा समजून गोळी घालते. मग श्रेयनामावलीबरोबर स्थिरचित्रं येतात, वर्तमानपत्रात छापल्यासारखी भरड. हातात मांस टांगायचे लोखंडी आकडे घेतलेले गोरे, बेनचं प्रेत, सरण. अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या माणसाला झाडाला टांगल्यावर जमाव असेच फोटो काढून घ्यायचा. त्यांची पोस्टकार्डंसुद्धा निघायची.

रोमेरोच सांगायचा की तयार प्रिंट गाडीत टाकून न्यू यॉर्कला निघालो, तेव्हा रेडिओवर मार्टिन ल्यूथर किंगच्या हत्येची बातमी ऐकली. तारीख ४ एप्रिल १९६८. शेवट तर आधीच चित्रित झालेला. ऑक्टोबरात चित्रपट लागला तेव्हा प्रेक्षक मात्र ती बातमी मनात घेऊनच आत शिरले. मग चिकटवलं कुणी?

आमच्या फिल्म सोसायटीत हा चित्रपट दाखवला तेव्हा शेजारी बँकेतले एक काका होते. दिवे लागल्यावर म्हणाले, "एवढा शहाणा माणूस, त्याला का मारला हो?" मी उत्साहाने किंग-बिंग सगळं ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "ते ठीक. पण आधी हाक तरी मारायची की!"

कधी निर्मातेच घाबरतात. 'इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स' (१९५६) मध्ये शेंगांतून हुबेहूब पण भावनाशून्य माणसं निघतात. कुणाला त्यांत कम्युनिस्ट दिसले, कुणाला जिथेतिथे कम्युनिस्ट हुडकणाऱ्या सिनेटर मॅकार्थीच्या मागे धावणारा जमाव. दिग्दर्शक डॉन सीगलला शेवट हवा होता तो महामार्गावर गाड्यांपुढे ओरडत सुटलेल्या नायकावर, एका डॉक्टरवर. निर्मात्यांना तो झेपला नाही. मग इस्पितळातला प्रसंग जोडला, एफबीआयला फोन लावला आणि प्रेक्षकांना धीर देऊन घरी पाठवलं. मला विचाराल तर त्या काळाची भीती शेंगांपेक्षा या ठिगळात जास्त दिसते.

रोमेरोचा चित्रपट आयत्या वेळी नाव बदलताना स्वामित्वहक्काची ओळच गाळून बसला, त्यामुळे अमेरिकेत तो कुणाच्याच मालकीचा नाही. इंटरनेटवर फुकट सापडेल. फक्त नावं सुरू झाली म्हणून उठू नका.