इंटरनेटवरच्या माहितीवरून आपोआप चित्र काढणारं यंत्र घरी बनवता येईल का? सुरुवात कुठून करू?

येईल की! भिंतीवरचा प्लॉटर, म्हणजे पेन फिरवून चित्र काढणारं यंत्र, बनवा. कागद लावलेल्या फळीच्या वरच्या दोन कोपऱ्यांत एकेक स्टेपर मोटर (मोजून थोडी थोडी फिरणारी मोटर), त्यांवरून सुटणारे दोन दोरे आणि मधे लटकलेलं पेन. दोरा किती सोडायचा हे शाळेतला पायथागोरस सांगतो: मोटरपासून पेनचं आडवं आणि उभं अंतर घ्या, कर्ण म्हणजे दोऱ्याची लांबी. पेन उचलायला एक छोटी सर्व्हो, म्हणजे ठरावीक कोनात वळणारी मोटर.

मोटर चालवायला ईएसपी३२ हा छोटा कंट्रोलर बोर्ड घ्या, वायफाय त्यातच असतं. मोटरना वीज मात्र वेगळ्या अडॅप्टरवरून द्या, ग्राउंड (उणे टोकाची तार) तेवढं दोन्हींचं एक ठेवा. नाहीतर मोटर फिरली की बोर्ड रीसेट होत बसतो.

माहितीसाठी ओपन-मेटिओ ही हवामानाची वेबसेवा बरी. घरगुती वापराला एपीआय कीसुद्धा (माहिती मागवायचा पासवर्डसारखा कोड) लागत नाही. महाबळेश्वरचे अक्षांश-रेखांश द्या, ताशी पाऊस आणि वाऱ्याची दिशा मिळते. तासाला एक रेघ: वाऱ्याप्रमाणे कल, पावसाप्रमाणे लांबी. जुलैचा कागद बघण्यासारखा होईल! नुसता आलेख काढू नका, त्यात मजा नाही.

बॉलपेन टाळा, उभ्या कागदावर त्याची शाई नीट उतरत नाही. साधं स्केचपेन चालतं.

एवढाही खटाटोप नको असेल तर कलाकार नताली जेरेमिजेंको यांचं १९९५ च्या सुमाराचं काम शोधा. झेरॉक्स कंपनीच्या 'पार्क' या संशोधन केंद्रात त्यांनी छताला मोटर लावून आठ फुटी प्लास्टिकची दोरी टांगली होती. नेटवर्कच्या केबलमधून माहिती गेली की दोरी थरथरायची, वर्दळ वाढली की गरागरा फिरायची. स्क्रीन नाहीच.