‘विणणे’ एकच, पण सुई कोणती?

प्रश्न असा आहे: आइसलँडच्या वस्तुसंग्रहालयातल्या जुन्या लोकरी वस्तूंची माहिती मराठीत आणताना मागावरच्या कापडालाही ‘विणलेले’ आणि सुयांवरच्या मोज्यालाही ‘विणलेले’ म्हणावे लागते. मूळ भाषेत दोन क्रियापदे वेगळी आहेत. मग मराठीत नवा शब्द घडवायचा का?

माझे मत स्पष्ट आहे: घडवू नये. ‘विणणे’ हा शब्द तोकडा नाही, त्याची नजर दुसरीकडे आहे. खाट विणतात, टोपली विणतात, शेला विणतात, स्वेटर विणतात. एक पदर दुसऱ्यात अडकून अंग धरतो, एवढेच मराठीने पाहिले. आइसलँडिक भाषेने हत्यार पाहिले. मागावर विणणे म्हणजे ‘वेवा’. सुयांवर विणणे म्हणजे ‘प्र्योना’, आणि हे क्रियापद ज्या नामावरून आले त्याचा मूळ अर्थ टोकदार काडी, टाचणी. त्याच शब्दापासून केसांतला काटा, साधी टाचणी आणि जेवायच्या काड्या यांचीही नावे बनली आहेत. घोडा मागच्या पायांवर उभा राहतो त्यालाही तिथे ‘प्र्योना’च म्हणतात. आता इतके अर्थ वाहणाऱ्या शब्दाला मराठी जोडीदार कुठून आणणार?

त्यापेक्षा हत्यार वाक्यात आणावे: ‘मागावर विणलेले’, ‘सुयांवर विणलेले’. आई ‘दोन सुलट, दोन उलट’ म्हणत स्वेटर विणायची, तेव्हा ती मागावर बसली आहे असे कोणाला वाटले नाही. जपायचे ते ‘विणकर’ या शब्दाला. तो वाचला की डोळ्यांसमोर मागच येतो, म्हणून मोजे विणणारीला ‘विणणारी’च म्हणावे.

खरी अडचण तिसऱ्या प्रकारात आहे, आणि ती प्रश्नात आलेलीच नाही. आइसलँडमध्ये सुयांवरचे विणकाम १६व्या शतकात पोहोचले. दक्षिण किनाऱ्यावरच्या स्तोराबोर्गच्या उत्खननात मिळालेला विणलेला हातमोजा त्याच शतकाच्या पूर्वार्धातला मानतात. पण पूर्व आइसलँडमध्ये सापडलेला एक लोकरी हातमोजा १०व्या शतकातला आहे. मग तो कसा केला? एकाच सुईने, आणि त्या सुईला नेढे होते. तुकड्या-तुकड्याने घेतलेला धागा नेढ्यात ओवून प्रत्येक टाक्यातून पुरता ओढून घ्यायचा. तिथे याला ‘वाह्तार-सॉयमुर’ म्हणतात; शब्दशः ‘हातमोज्याची शिवण’. म्हणजे त्यांनी याला विणण्यात धरलेच नाही, शिवण्यात धरले!

फरक बोटांना कळतो. सुयांवर विणलेल्याचे टोक सोडून ओढले की ओळीमागून ओळ उसवत जाते. शिवणीच्या मोज्यात प्रत्येक टाक्यातून धागा आरपार गेलेला असतो, त्यामुळे तो तसा उसवत नाही. ‘नेढे’ आणि ‘उसवणे’ हे आपले दोन शब्द इथे एवढे नेमके बसतात, की त्यांच्यासमोर कोणतीही घडवलेली परिभाषा मला फिकी वाटते. शिवाय ‘टाका’ हा शब्द मराठीत शिवण आणि विणकाम दोन्हीकडे चालतो, त्यामुळे तिसऱ्या प्रकारालाही तो सहज पेलतो.

आणखी दोन शब्द. ‘लोपी’ म्हणजे न कातलेली लोकर, जिच्यापासून गळ्याभोवती नक्षी असलेला प्रसिद्ध ‘लोपापेसा’ स्वेटर विणतात. ‘सूत’ म्हटले तर चूक होईल, कारण सूत कातल्यावरचे. आपल्याकडे कातण्याआधीच्या कापसाच्या वळीला ‘पेळू’ म्हणतात, तो शब्द जवळचा आहे. मात्र लोपी लांबच लांब सलग असते, हे एकदा सांगून टाकावे. स्वेटरचे नाव तसेच ठेवावे. तो जुन्या संग्रहातला मानू नये, त्याचे हे रूप विसाव्या शतकाच्या मध्यावरचे आहे.

मच्छीमारांच्या हातमोज्यांना तिथे दोन अंगठे असत. दोर ओढून ओढून तळव्याची बाजू झिजली की मोजा फिरवून दुसरा अंगठा वापरायचा. विणून झाल्यावर ओली लोकर मळून-चोळून दाट करत. याला ‘दोन अंगठ्यांचा हातमोजा’ इतके सरळ म्हणावे. ‘द्विअंगुष्ठ’ वगैरे नको, समुद्रावर नेणाऱ्या वस्तूला ते शोभत नाही.

तेव्हा अशा वस्तूंच्या तीन नोंदी मी अशा लिहीन: ‘लोकरी कापड, मागावर विणलेले’, ‘हातमोजा, सुयांवर विणलेला’, ‘हातमोजा, नेढ्याच्या एका सुईने टाक्या-टाक्याने गुंफलेला’. तिसरीत ‘गुंफलेला’ मुद्दाम घातला आहे, कारण ‘शिवलेला’ म्हटले की वाचक आधी कापड शोधेल, आणि इथे कापड नाहीच.