आवाच्या राण्या आणि ‘सवतीमत्सर’: वाचकांचे प्रश्न

पंधराव्या शतकातली राणी शिन सॉबू बर्मी होती का?
नाही, मोन, म्हणजे दक्षिण ब्रह्मदेशातल्या लोकांपैकी. हंसावतीच्या, म्हणजे पेगूच्या, राजा रझादरितची ती लेक.

यांगूनच्या गाइडने सांगितले की, आवाची राणी शिन बो-मेने सवतीमत्सरापोटी नवऱ्याला, राजा थिहाथूला, मारवले. खरे का?
सहलीहून परतलेला जवळजवळ प्रत्येक जण मला हेच विचारतो, म्हणून नीट सांगते. उत्तर ब्रह्मदेशातले आवा आणि दक्षिणेतले पेगू या राज्यांचे युद्ध जवळपास चाळीस वर्षे चालले. 1423 मध्ये तहासाठी पेगूच्या राजाने आपली विधवा बहीण सॉबू थिहाथूला दिली; ती बो-मेची सवत झाली. लेकुरवाळी बाई शत्रूच्या राजधानीत गेली, ती अशी. 1425 मध्ये औंगबिनले येथे कालव्याचे काम चालू असताना ओनबाउंगच्या शान (डोंगराळ भागातल्या एका जमातीच्या) सरदाराने थिहाथूला गाठून मारले. बखरी म्हणतात, सरदाराला बो-मेनेच बोलावले. पण आज हाती असलेली बखरकार ऊ कलाची मोठी बखर 18व्या शतकातली, म्हणजे घटनेनंतर सुमारे तीनशे वर्षांनी लिहिलेली. बखरींवर वाढलेल्या मराठी वाचकाने तरी एवढे अंतर मोजावे! त्यानंतर गादीवर आलेला थिहाथूचा मुलगा तीन महिन्यांत विषाने गेला, त्याचाही आळ तिच्यावरच. 1426 मध्ये मोह्निनच्या थाडोने गादी बळकावली आणि बो-मे आयुष्यातल्या पाचव्या राजाची राणी झाली. तिचा हात नव्हताच, असे मी म्हणत नाही. पण शान सरदारांना आवाशी स्वतःचे हिशेब होते, ते सोडून सारे खापर एका बाईच्या डोक्यावर फोडणे मला सहन होत नाही. यावर लेख लिहिणार असाल तर आधी ब्रह्मदेशाच्या इतिहासाच्या अभ्यासकाला दाखवा.

सॉबू आवात किती काळ होती?
सात वर्षे. 1430 मध्ये दोन भिक्खूंच्या मदतीने ती पेगूला निसटली. पुढे ती स्वतः गादीवर बसली.

यांगूनच्या श्वेडगोन स्तूपाला सॉबूने स्वतःच्या वजनाइतके सोने दिले?
परंपरा तसे सांगते: 25 विस्स, म्हणजे सुमारे 40 किलो. तिचा जावई धम्मझेदी याने 1485 मध्ये तिथे पाली, मोन आणि बर्मी भाषांत तीन शिलालेख उभारले. ते वाचणाऱ्या तज्ज्ञाला विचारा. फलकावरच्या आकड्यावर थांबू नका.

‘सॉबूच्या काळातली’ ब्राँझची बुद्धमूर्ती ऑनलाइन मिळते आहे. घ्यावी का?
पैसे देऊ नका. शंभर वर्षांहून जुन्या मूर्तीला 1972चा पुरावस्तू कायदा लागतो. विक्रेत्याचे प्रमाणपत्र पुरावा नव्हे. आगाऊ रक्कम भरली असेल तर याच आठवड्यात पुरातत्त्व खात्याकडे जा.

रत्नागिरीचा थिबा याच घराण्यातला?
नाही. तो 1752 मध्ये स्थापन झालेल्या कोनबाउंग घराण्याचा.