फाउस्ट या जर्मन बँडची पहिली रेकॉर्ड लावताना

सुरुवातीलाच बीटल्स आणि रोलिंग स्टोन्सच्या गाण्यांचे तुकडे खरखरीत बुडताना ऐकू येतील. सुई तपासायला उठू नकोस, ते तसंच आहे. मी उठलो होतो, दोनदा!

1971 ची ही जर्मन रेकॉर्ड. व्युमे गावातल्या जुन्या शाळेचा स्टुडिओ करून ध्वनिमुद्रण झालं. जर्मन भाषेत फाउस्ट म्हणजे मूठ, म्हणून पारदर्शक कव्हरवर मुठीचा एक्स-रे. मूळ आवृत्तीत आतली रेकॉर्डही पारदर्शक. दिसायला झकास, पण सुई ठेवायला कटकटीची, कारण कडेची मोकळी पट्टी नीट दिसतच नाही. दिव्याचा उजेड तिरका पडू दे. जुनी प्रत विकत घेतानाही तशीच तिरकी धरून बघ, ओरखडे एरवी लपतात.

आता खरी गोची: खरखर संगीतातली की धुळीची? सोपी युक्ती सांगतो. मिनिटाला 33⅓ फेऱ्यांच्या वेगात एक फेरा 1.8 सेकंदांत होतो. आडवा ओरखडा असेल तर 'टक्' बरोब्बर तेवढ्या अंतराने येत राहतो. तसा ठेका नसेल तर बहुतेक वाजवणाऱ्यांचीच करामत, नाहीतर धूळ. आधी ब्रश फिरवून घे. सुई उडते म्हणून टोनआर्मचं (सुई धरणाऱ्या दांड्याचं) वजन मनाने वाढवू नकोस, कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या डबीच्या) कागदावर दिलंय तेवढंच ठेव.

पहिल्या बाजूला दोनच रचना, दुसरीला एकच. आवडता भाग शोधत सुई इकडेतिकडे टाकण्यात मजा नाही. पहिल्यांदा एकच बाजू ऐक, दुसरी उद्या.