रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत ‘स्थान’ कॉपी होतं (जुनं व्हेरिएबलही वापरता येतं), मग ‘थांबा’ मूव्ह का होतो (जुनं वापरता येत नाही)?

‘स्थान’ आणि ‘थांबा’ हे तुमच्या कोडमधले दोन स्ट्रक्ट, म्हणजे स्वतः बनवलेले डेटा-प्रकार. ‘स्थान’मध्ये अक्षांश-रेखांश असे दोन एफ६४ (६४-बिट दशांश संख्या) आहेत आणि तुम्ही त्यावर कॉपी डिराइव्ह केलंय, म्हणजे ‘याची सरळ नक्कल चालेल’ असं कंपायलरला सांगितलंय. ‘थांबा’मध्ये मात्र ‘स्वारगेट’, ‘डेक्कन’ अशी नावं स्ट्रिंगमध्ये (मजकुराच्या प्रकारात) आहेत, तिथे कॉपी डिराइव्ह होणारच नाही.

गंमत म्हणजे मेमरीत दोन्हीकडे जवळपास तेच घडतं: बाइट्स जसेच्या तसे उचलले जातात. ६४-बिट मशीनवर स्ट्रिंगचे २४ (पॉइंटर, लांबी, क्षमता). हीपवरची (चालू प्रोग्राम गरजेप्रमाणे मागून घेतो त्या मेमरीतली) अक्षरं जागची हलत नाहीत. आता जुनं आणि नवं अशी दोन्ही व्हेरिएबल जिवंत ठेवली, तर शेवटी तीच मेमरी दोनदा मोकळी होईल. म्हणून कंपायलर जुनं नाव बाद करतो.

नुसतं वाचायचं असेल तर &थांबा (मालकी न देता नुसता संदर्भ) द्या. एरर आली की क्लोन (पूर्ण नवी प्रत) चिकटवायची सवय नको, अशा नावांसाठी प्रत्येक वेळी हीपवर नवी जागा घेतली जाते.